नूतनच्या लांब बाह्या

धुळ्यात देवपूरच्या एका शाळेत नूतन क्लार्क आहे. वय छत्तीस. मार्च लागला की तिची चिडचिड सुरू होते. थंडीत सगळेच स्वेटरमध्ये, कोणी काही विचारत नाही. उन्हाळ्यात स्कूटीवरही अडचण नाही; सगळ्याच बायका सनकोट आणि स्कार्फ गुंडाळून निघतात. पण ऑफिसात शिरल्यावर बाकीच्या सनकोट काढून मोकळ्या होतात आणि नूतनच्या अंगावर मनगटापर्यंत बाह्यांचा कुर्ता उरतो. तिच्या दोन्ही हातांवर कोड आहे. बाविसाव्या वर्षी आलं. तेव्हापासून कपाट उघडताना ती हवा बघत नाही; आज कोण कोण भेटणार, ते आठवते.

यंदा एप्रिलमध्ये दाखले लिहिता लिहिता तिला भोवळ आली. शिपाई कमलबाईंनी सावरलं, पंख्यासमोर बसवलं. घामाने भिजलेल्या कुर्त्याला हात लावून त्या म्हणाल्या,

"मॅडम, बठ्ठा कुर्ता वला व्हई गया. कोनाकरता इतलं सोसतस तुम्ही?"

नूतनला त्या प्रश्नाचा रागच आला. रविवारी तिने अर्ध्या बाह्यांचे दोन सुती कुर्ते आणले. सोमवारी आरशापुढे दोनदा बदलले. शेवटी उशीर झाला म्हणून जे अंगावर होतं त्यातच निघाली.

दुपारपर्यंत तिला तीन औषधं कळली. शिक्षिका लता मॅडम तर हात धरून म्हणाल्या, "अगं, बावचीचं तेल लाव. माझ्या जावेला गुण आला."

मग खिडकीशी एक पालक आले. त्यांनी अर्ज दोन बोटांनी कडेला धरला.

"हे... लागत तर नाही ना?"

"नाही लागत. इथे सही करा."

आवाज चढलाच. पालकांनी सही केली.

संध्याकाळी हलकं वाटेल, असं तिला वाटलं होतं. उलट अंग ठणकत होतं. झाकलं तर उकाडा, उघडलं तर लोक. मंगळवारी तिने दुसरा नवा कुर्ता घातला. धीर आला होता असं नाही; पारा चव्वेचाळीसवर गेला होता.

जूनमध्ये प्रवेशाची गर्दी सुरू झाली. पहिल्याच दिवशी तिने पुन्हा लांब बाह्या घातल्या. कमलबाईंनी नुसतं पाहिलं.

"बोलू नका काही," नूतन म्हणाली.

त्यांनी पंख्याचं तोंड तिच्याकडे वळवलं आणि घंटा द्यायला गेल्या.