नऊ अक्षांचा प्रोग्राम

बदनापूरच्या धर्मराज शेजूळला स्वतःच्या फजितीची गोष्ट सांगायला फार आवडते. दुसऱ्या कुणी सांगितली तर तपशिलात चुका राहतात, असे त्याचे म्हणणे.

धर्मराज एकवीस वर्षे जालन्याच्या एका कारखान्यात यंत्रे दुरुस्त करायला होता. सकाळच्या गाडीने जायचे, संध्याकाळच्या गाडीने यायचे. नोकरी सोडली तेव्हा निरोपाच्या कार्यक्रमात त्याने सांगून टाकले, "आता मी स्वतःचं मशीन बनवणार. कॉम्प्युटरवर चालणारं." टाळ्या पडल्या. टाळ्या पडल्या नसत्या तर आपण गप्प घरी बसलो असतो, हेही तोच सांगतो.

घरामागे त्याने पत्र्याची शेड टाकली. टेबल एका मोडीत निघालेल्या मशीनचे, मोटारी जुन्या छपाई यंत्रातल्या, स्क्रू भंगारातून निवडून आणलेले. अडीच वर्षांत यंत्र उभे राहिले. हत्यार डावीकडे-उजवीकडे जायचे, मागे-पुढे जायचे, वर-खाली व्हायचे आणि चौथी गंमत म्हणजे पकडलेला तुकडा स्वतःभोवती फिरायचा. अशा चार हालचाली, म्हणजे चार अक्ष. गल्लीने त्याचे नाव 'आकाशपाळणा' ठेवले. येता-जाता कुणीतरी विचारी, "धर्मराजभाऊ, तिकीट सुरू झालं का?"

अंगणवाडी चालवणारी त्याची बायको कौसल्या यावर काही बोलत नसे. ती फक्त शेडच्या दारात उभी राहून यंत्राकडे बघे. धर्मराजला ते जास्त लागे.

तिकीट घेणारा पहिला माणूस भेटला तो वडीगोद्रीचा तातेराव. तो पेरणी यंत्रे बनवायचा. पेरणी यंत्रात नायलॉनचा एक मुठीएवढा रोलर असतो. त्याच्यावर तिरप्या, पिळाच्या खाचा असतात. तो फिरतो तसे खाचेतून बी पडत राहते. खाच बिघडली की एका जागी चार दाणे पडतात आणि पुढची दोन हात जमीन कोरडी राहते. तातेराव हे रोलर राजकोटहून मागवायचा.

"नमुन्याचे बारा दे," तातेराव म्हणाला. "मे संपायच्या आत. बराबर निघाले तर यंदापासून सगळे रोलर तुझ्याकडून. न्हाई तर मी आपला राजकोटचा. मंग रुसायचं न्हाई."

ही गोष्ट २००५ सालच्या मार्चमधली. हे बारा रोलर निघाले तर यंत्र, नाहीतर पाळणा. धर्मराजला हे पक्के कळले होते.

लोखंडाबद्दल त्याला शंका नव्हती. राहिला होता तो मेंदू. चारही मोटारींना कधी, किती फिरायचे ते सांगणारा प्रोग्राम निवडायचा होता. धर्मराजने दोनशे पानी वही घेतली, रकाने आखले आणि तेवीस प्रश्न लिहून काढले. अक्ष किती, चित्र दिसते का, चित्र फिरवून बघता येते का, रंग किती. प्रत्येक प्रश्नाला गुण ठेवले. प्रश्नपत्रिका काढणाराही तोच आणि तपासणाराही तोच, त्यामुळे निकाल आधीच ठरलेला होता, पण वही मात्र नेटकी होती.

उमेदवार दोन होते. एक पुण्याच्या विक्रेत्याचा. त्याच्या पडद्यावर अख्खा रोलर दिसायचा, हत्यार दिसायचे, खाच पडताना दिसायची, आणि काम संपले की हिरवी पट्टी उमटायची. शिवाय तो नऊ अक्ष चालवायचा.

"तुमच्या मशीनला चार हायेत ना?" कौसल्याने विचारले.

"उद्या लागले तर?"

"घरात माणसं दोन अन् तुम्ही नऊ खाटा आणून राह्यले."

दुसरा उमेदवार जालन्याच्या तंत्रनिकेतनातल्या शिवाजी सरांनी दिला. फुकटचा. काळा पडदा आणि वरून खाली सरकणारे आकडे. धर्मराजने त्याला 'देखणेपणा' या रकान्यात शून्य दिले आणि त्या शून्याखाली रेघही मारली.

सर म्हणाले, "शेजूळ, हा दिसायला ओबडधोबड आहे. पण हा मशीनचं ऐकतो."

"मशीनचं ऐकायला मी हाय की सर," धर्मराज म्हणाला. "मशीननं माझं ऐकावं म्हणून तर प्रोग्राम घेऊन राह्यलो."

हे आपले वाक्य त्याला त्या दिवशी इतके आवडले की घरी येऊन त्याने ते कौसल्यालाही ऐकवले.

नऊ अक्षांचा प्रोग्राम आला. त्याच्यासोबत धर्मराजने कॉम्प्युटरसाठी बॅटरीचा डबाही घेतला, म्हणजे लाईट गेली तरी कॉम्प्युटर बंद पडायला नको. आपण किती पुढचा विचार करतो, असे त्याला वाटले.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात, लाईट असण्याच्या वेळेत, तीन रोलर सुरेख निघाले. चौथा लावला तेव्हा तातेराव मुद्दाम बघायला आला. धर्मराजने त्याला पडद्यासमोर खुर्ची दिली. खाच पडत होती, पांढरा भुसा उडत होता, पडद्यावर तसेच चित्र सरकत होते. तातेराव म्हणाला, "बिलकुल सिनेमा हाय."

आणि अवेळी लाईट गेली.

मोटारी गप्प झाल्या. कॉम्प्युटर मात्र बॅटरीवर चालू राहिला, आणि प्रोग्रामही. मोटारी मेल्या आहेत हे त्याला कुणी सांगितलेच नव्हते. पडद्यावर हत्यार फिरत राहिले, खाचांवर खाचा पडत राहिल्या, आणि धर्मराज एखाद्या लहान लेकरासारखा बघतच राहिला. बंद करायचे त्याला सुचलेच नाही. वीस मिनिटांनी हिरवी पट्टी उमटली. काम पूर्ण.

तातेरावने पडद्याकडे पाहिले, मग यंत्राकडे पाहिले. तिथे अर्धा कोरलेला तुकडा तसाच अडकून होता.

"धर्मराज, झाला म्हणून राह्यलाय हा. काढ ना भाऊ, बघू दे."

धर्मराजने तुकड्याकडे हात नेला. तेवढ्यात लाईट आली. आता माणसाने शहाणपणाने हात जोडावेत. पण त्याने डोळ्यांच्या अंदाजाने हत्यार खाचेशी आणले आणि काम पहिल्यापासून सुरू केले. खाचेवर खाच चढली. बाहेर जे निघाले ते सोऱ्यातून निघालेल्या चकलीसारखे होते.

तातेरावने ते तळहातावर घेऊन फिरवून बघितले. "ह्याच्यात सोयाबीन न्हाई चालायचं. चिवडा पेरावा लागंल." मग दारात थांबून म्हणाला, "एकतीसला येतो. जल्दी कर."

धर्मराज बराच वेळ वही उघडून बसला. तेवीस प्रश्न. दिवसातून सात-आठ तास लाईट नसलेल्या गावच्या माणसाने रंगांबद्दल प्रश्न लिहिला होता, आणि लाईट गेल्यावर काय, हा लिहिला नव्हता. का लिहिला नव्हता, तेही त्याला कळले. एकवीस वर्षे त्याने लेथ, म्हणजे कातकामाची यंत्रे, पाहिली होती. लाईट गेली की कारागीर चहाला जातो, आली की येतो, चाक हाताने थोडे फिरवतो आणि जिथे सोडले तिथून पुढे कापतो. कुठे होतो ते हाताला आठवते. लाईट जाणे ही अडचण आहे, हेच आपण सगळे विसरून गेलो होतो. आणि या यंत्रावरून माणसाचे हात काढून घेतले ते आपणच.

पुण्याला फोन केला. लाईट गेली की थांबायची सोय पुढच्या आवृत्तीत येईल, असे उत्तर आले. मग धर्मराज जालन्याला गेला. शिवाजी सर हसले नाहीत. हसले असते तर बरे झाले असते, असे धर्मराज म्हणतो.

"मोटारींची लाईट गेली हे कॉम्प्युटरला कोण सांगतं?" सरांनी विचारले.

"कुणीच न्हाई सर."

"मग त्याचा काय दोष? तो आपलं काम करत राहतो."

काळ्या पडद्याचा प्रोग्राम बाहेरून आलेली तार ऐकू शकत होता. मोटारींच्या लाईटची एक तार कॉम्प्युटरला जोडली. चारही अक्षांना एकेक बटण बसवले, म्हणजे प्रत्येक अक्षाला आपले घर, सुरुवातीची ठरलेली जागा, सापडावे. घरी जाऊन यायचे, मग आकड्यांच्या ज्या ओळीवर काम थांबले तिथून पुढे निघायचे. ही एवढी जुळणी करायला आठ दिवस गेले, त्यातले तीन धर्मराजने बटण उलटे बसवल्यामुळे.

एकतीसला तातेराव आला तेव्हा अकरा रोलर फडक्यावर मांडलेले होते आणि बारावा अर्ध्यावर होता. कौसल्याही दारात उभी होती. धर्मराज भिंतीपाशी गेला आणि त्याने मोटारींचे बटण बंद केले.

"अरे, काय करून राह्यला!" तातेराव ओरडला.

आकडे जागच्या जागी थांबले. खाली एक ओळ आली, मोटारींना वीज नाही. धर्मराजने हत्यार हाताने वर उचलून बाजूला केले, म्हणजे संशय नको. तातेरावला चहा दिला. चहा संपल्यावर बटण सुरू केले. एकेक अक्ष आपापल्या घरी जाऊन आला. धर्मराजने ओळीचा आकडा टाकला. हत्यार खाली आले आणि जुन्या खाचेत शिरून पुढे निघाले.

रोलर निघाल्यावर तातेरावने अंगठ्याचे नख खाचेत ठेवले आणि पिळाबरोबर सावकाश टोकापर्यंत नेले. काम जिथे तुटले होते तिथे नख अडायला हवे होते. तो परत मागे आला, पुन्हा गेला.

"न्हाई अडकत," तो म्हणाला.

"माझ्याकडं द्या बरं," कौसल्या आत आली. तिनेही नख फिरवून पाहिले. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच तिने त्या यंत्रातून निघालेले काही हातात घेतले होते.

"आधीच हा प्रोग्राम का न्हाई घेतला मंग?" तातेरावने विचारले.

"दिसायला बरा नव्हता."

तातेराव एवढा हसला की त्याला खाली बसावे लागले. मग त्याने बारा रोलर फडक्यात बांधले, गाडीला अडकवले आणि म्हणाला, "साठ पाहिजेत. सोमवारपासून लाग."

या वेळेसाठी धर्मराजने एक भाषण तयार ठेवले होते. चार अक्ष, एकवीस वर्षांचा अनुभव, बदनापूरचे नाव, सगळे त्यात होते. प्रत्यक्षात तो एवढेच म्हणाला, "बरं." ते भाषण अजून त्याला पाठ आहे. कुणी विचारले तर उभ्या उभ्या म्हणून दाखवीन, असे तो सांगतो. अजून कुणी विचारलेले नाही.