घासाघिशीचं बटण

एसीच्या धंद्यात गॅस गळतो, पाणी गळतं. किस्से तेवढे साचत जातात! यंदा कोटेशन आणि बिलांसाठी सॉफ्टवेअर शोधायला निघालो, तर एवढे साचले की सांगितल्याशिवाय राहवत नाही.

दुकान बाबांनी आणि रफिकचाचांनी मिळून काढलेलं. बाबांचे गुडघे गेले, तशी मी वाळूजच्या कंपनीतली नोकरी सोडून दुकानात बसले. चाचा साइट बघतात, मी ऑफिस. यंदा ऊन तापायच्या आधीच चांगली चांगली कामं हातची गेली. बाकीचे लोक पटकन कोटेशन धाडतात, आमचं काही निघता निघत नाही! हा सीझन असाच गेला, तर बाबांची पाटी उतरवावी लागणार होती.

उशीर का? तर चाचांची पद्धत. माप ते घेतातच, पण मग भर दुपारी पंखा बंद करून त्या खोलीत बसतात. खोली कुठून तापते ते अंगाला कळलं पाहिजे म्हणे. एकदा सिडकोतून एका काकूंचा घाबरून फोन आला, "अहो, तुमचे मिस्त्री कधीचे डोळे मिटून बसलेत. घाम तर नुसता वाहतोय. हलवून बघू का?"

*

पहिलं सॉफ्टवेअर होतं परदेशी. डेमो द्यायला पुण्याचा एक टापटीप मुलगा आला. त्यात घराची माहिती भरायची होती.

"बेसमेंट आहे का?" त्यानं विचारलं.

"है ना," चाचा म्हणाले, "दौलताबादला. किल्ल्यात."

"आणि फर्नेस? म्हणजे घर गरम करायची भट्टी?"

चाचांनी माझ्याकडं बघितलं, मग त्याच्याकडं. "बेटा, मे महिन्यात ये. पूरा शहर दिखाता."

छतावर पत्रा आहे का, हे मात्र त्या सॉफ्टवेअरनं एकदाही विचारलं नाही! चाचांनी त्याला चहा पाजला आणि वाटेला लावलं.

*

दुसरं लई प्रेमळ निघालं. जुन्या गिऱ्हाइकांना आपोआप मेसेज करायचं. मी चाचांच्या मोबाइलमधले सगळे नंबर त्यात भरले आणि बटण दाबलं. "आम्हाला तुमची आठवण येते," असा मेसेज सगळ्यांना गेला.

सगळ्यांत पिशोरचे साडूही होते. चाचांचं आणि त्यांचं कुठल्याशा लग्नातल्या मानपानावरून बोलणं बंद! दुसऱ्या दिवशी साडू शेतातल्या आल्याची गोणी घेऊन दुकानात हजर. "तुम्ही आठवण काढली, मग मी कसा बसून राहू?" असं म्हणत त्यांनी चाचांना मिठीच मारली.

साडू गेल्यावर चाचांनी गोणी आत सरकवली. मग म्हणाले, "सॉफ्टवेअर चांगलं आहे. पण हे नको. माझे अजून दोन साडू आहेत."

*

मग चाचांनी स्वतःची परीक्षा काढली. जो डेमो द्यायला येईल, त्याला दुपारी गच्चीवर न्यायचं. आमचं अर्धं काम तिथंच, तर सॉफ्टवेअर तिथं चाललं पाहिजे. बरोबरच होतं म्हणा! एकाच्या मोबाइलला रेंजच मिळेना. दुसऱ्याचा मोबाइल इतका तापला की बंदच पडला. चाचांनी तो ओल्या रुमालात गुंडाळून परत दिला. "पहले इसकू एसी बिठाओ!"

तिसऱ्याचं चाललं. रेंज नसताना चाललं, अक्षरं मोठी, उन्हात दिसणारी. कोटेशन गिऱ्हाइकाला मोबाइलवर जायचं, खाली हिरवं बटण, 'मंजूर'. तेच घेतलं.

*

पहिलं कोटेशन फुलंब्रीच्या साहेबराव काकांना. त्यांच्या नव्या मंगल कार्यालयाचा अख्खा हॉल! हे एक काम मिळालं की सीझन निघाला, पाटी राहिली. चाचा दुपारी हॉलमध्ये बसून आले, आकडे सांगितले, मी लगेच कोटेशन धाडलं. चहा संपायच्या आत उत्तर आलं. मंजूर!

मी खुर्चीतून उडालेच. चाचांचा चेहरा मात्र पडला.

"घासाघीस नाही केली?"

"नाही ना! बघा की!"

"काम गेलं," म्हणत चाचांनी स्कूटरला किक मारली.

हातात आलेलं काम आता हे घालवतात! मीही गाडी काढून मागं सुटले.

काका हॉलच्या पायरीवर फुगून बसले होते. "या रफिकमियां. आता बटणं धाडायला लागले व्हय तुम्ही? भाव सांगायला माणूस नाय आला, चहा नाय. ते बटण दाबल्याबिगर मोबाइल पुढंच जाईना, म्हणून दाबलं. उद्या दुसऱ्या पार्टीला बोलावलंय म्या."

चाचा शांतपणे पायरीवर टेकले. "काका, भाव लई लावलाय पोरीनं. सांगा, किती तोडू?"

काकांचा चेहरा असा खुलला म्हणून सांगू! मग दोघं भांडले. चाचा दोनदा उठून स्कूटरपर्यंत गेले, काकांनी दोनदा हाताला धरून परत आणलं. तीन वेळा चहा झाला. शेवटी काकांनी चाचांच्या हातावर टाळी दिली आणि त्या दुसऱ्या पार्टीला आमच्यासमोरच फोन लावला, "येऊ नका."

दुकानात येऊन मी सॉफ्टवेअरमध्ये आकडा कमी केला. लगेच पुण्याहून त्यांच्या सपोर्टच्या मुलीचा फोन. "मॅम, कस्टमरनं आधीच मंजूर केलेलं कोटेशन तुम्ही कमी केलंय. चुकून झालं का?"

मी फोन चाचांपुढं धरला.

"मंजूर हुआ था बेटा," चाचा म्हणाले, "तय कहाँ हुआ था?"