गुरुजींची निर्जळी आणि सकाळची गोळी

आज मी जो काही आहे तो किनवटच्या वसतिगृहातल्या आमच्या गुरुजींमुळे आहे, आणि माझं रक्त सर्वांत जास्त कुणी आटवलं असेल तर तेही त्यांनीच. नियम पाळण्यात या माणसाचा हात धरणारा अख्ख्या मराठवाड्यात सापडायचा नाही. घंटा झाल्याशिवाय ते शिंकतसुद्धा नाहीत, असं आम्ही मुलं म्हणायचो. आठवीनंतर वडिलांनी माझी शाळा थांबवली, तर हे पुढच्या गाडीनं आमच्या गावी, इस्लापूरला आले आणि आमच्या अंगणात उभं राहून हजेरीतलं माझं नाव पुकारलं. मी सवयीनं "हजर" म्हणालो. "हजर हाय ना पोरगं? मग पाठवा," एवढंच ते वडिलांना म्हणाले. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर असा अंगणातून उचलला गेला.

पुढे मी लातूरला भूलतज्ज्ञ झालो. उतारवयात गुरुजींच्या आतड्यात गाठ निघाली, तेव्हा हट्टानं ते माझ्याच दवाखान्यात आले. सर्जनना गाठीची काळजी, मला हृदयाची. म्हाताऱ्या हृदयाला मोठ्या शस्त्रक्रियेत ना ठोक्यांची धावपळ सोसते, ना रक्तदाबाची घसरण. ठोके आवरणारी त्यांची रोजची गोळी चुकून चालणार नव्हती. गुरुजींनी मात्र आल्या आल्या वॉर्डच ताब्यात घेतला. भेटायला येणाऱ्यांच्या चपला रांगेत लावून घेतल्या, शेजारच्या पेशंटला चादर घडी करायला लावली. "सर, उद्या आजोबा आमचीपण हजेरी घेतील," सिस्टर म्हणाली.

शस्त्रक्रियेच्या सकाळी नाडी पाहिली, तर ती पळत सुटलेली. उशीखालच्या रुमालात कालची आणि आजची गोळी.

"गुरुजी, हे काय?"

"तूच म्हणलास, उपाशी राहायचं. मी कालपासूनच निर्जळी धरली."

"गोळी तेवढी घोटभर पाण्यासंगं घ्या, असंही म्हणलो होतो!"

"उपवासात सवलत मागणारी पोरं मी लई पाहिली. आपण सवलत घेत नसतो."

शस्त्रक्रिया पुढे ढकलावी लागली. सर्जन माझ्यावर तापले, मी कुणावर तापणार? गोळी घेऊन गुरुजींच्या पुढ्यात उभा राहिलो. "इथले नियम मी करून राहिलो, गुरुजी. तोंड उघडा."

"लई माजलास," म्हणत त्यांनी ती गिळली आणि जीभ वर करून दाखवली. प्रार्थनेला चिंचा चघळल्याचा संशय आला की आम्हाला दाखवावी लागायची, अगदी तशी.

नाडी ताळ्यावर आल्यावर शस्त्रक्रिया झाली. मनगटातल्या बारीक नळीतून त्यांचा एकेक ठोका पडद्यावर उमटत होता. मध्येच दाब घसरला. औषध हळूहळू वाढवत मी पडद्याकडे डोळे लावून बसलो, आणि ठोका दिसला की मनात म्हणायचो, हजर. हजेरी घेणारा माणूस एवढा रागीट का दिसतो, ते मला त्या दिवशी कळलं.

गुरुजी सुखरूप किनवटला परतले. थोड्याच दिवसांत त्यांच्या शेजाऱ्यांनी कळवलं, "बरं वाटून राहिलं म्हणून गुरुजींनी गोळी सोडली." फोनवर ते मला बोलू देत नाहीत, म्हणून पत्र धाडलं:

"आदरणीय गुरुजी,
सा. नमस्कार. सकाळची गोळी ही विनंती नाही, नियम आहे. रोज पहिल्या घंटेच्या वेळी मी फोन करीन. गोळी गिळूनच उचलायचा. उपदेश करायचा नाही, फक्त 'हजर' म्हणायचं. आई-वडील गेल्यापासून माझ्या हजेरीत तुमचं एकच नाव उरलं आहे. गैरहजेरी कशी मांडतात, ते तुम्ही मला शिकवलेलं नाही.
आपला विद्यार्थी"