धुरपतामावशीचा उघडा भाव

लातुरात मी वेबसाइटी बनवतो. वेबसाइट म्हटल्यावर बाकीच्या जगाला काय आठवतं ते जग जाणे. आमच्याकडं तिचा अर्थ एकच, कोचिंग क्लासची. वर निकाल, खाली हार घातलेली पोरं, पोरांखाली टक्के, आणि सगळ्यांच्या खाली लुकलुकणारं 'प्रवेश सुरू'. माझे अब्बा दुकानांच्या पाट्या रंगवायचे, मी पोरांचे मार्क रंगवतो. २०१२ सालापर्यंत असल्या चाळीसेक वेबसाइटी माझ्या हातून गेल्या होत्या आणि या कामातलं आपल्याला सगळं कळतं, अशी माझी ठाम समजूत होती. ती धुरपतामावशीनं मोडली. बरं झालं मोडली.

दिवाळी होऊन गेली होती. एका क्लासचे सर माझ्या शेजारी बसून त्यांच्या पहिल्या आलेल्या पोराच्या गालावरचे फोड काढून घेत होते. तेवढ्यात विटकं लुगडं नेसलेली, उंचीपुरी, पन्नाशी ओलांडलेली बाई दुकानात शिरली. चपलांना लीद. सरांनी नाकाला रुमाल लावला. बाईंनी त्यांच्याकडं ढुंकूनही पाहिलं नाही.

"तुमीच का ते पोरांचे फोटू जगभर दाखवून राहिले?"

"हाव, मीच. यासेर."

"मंग यासेर, माझ्या घोड्यांचे दाखव."

सर हसले. मीही हसलो, खोटं कशाला बोलू? बाई हसल्या नाहीत. स्टूल ओढून बसल्या आणि सर उठून जाईपर्यंत गप्प राहिल्या. मग त्यांनी जे सांगितलं ते मी मध्ये न बोलता ऐकलं. मला ओळखणाऱ्यांचा यावर विश्वास बसत नाही.

धुरपता आणि तिचा नवरा अर्जुनराव मूळ किल्लारीकडच्या एका खेड्यातले. भूकंपात घर बसलं. माणसं वाचली, चार घोड्यांतली एकच वाचली, तिचं नाव पाखर. पुढं सरकारनं नव्या गावात रांगेनं घरं बांधून दिली, चांगली पक्की. पण त्या घरांना घोडी बांधायला जागा नव्हती. लोक घराची किल्ली घ्यायला रांगेत उभे होते तेव्हा धुरपता नवऱ्याला म्हणाली, "मला छप्पर नसलं तर चालंल, दावण पायजे." मग अर्जुनराव, त्यांचा धाकटा भाऊ वैजनाथ आणि ती, असे तिघं लातूरच्या बाहेर, नांदेड रस्त्याला एका माळावर येऊन राहिले. पाखरीची पैदास वाढली. वीस वर्षांत दावणीला चार घोड्या झाल्या, आणि त्यांची शिंगरं तयार झाली की दरसाल माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत विकली जाऊ लागली. 'अर्जुनरावांची घोडी' म्हटलं की पारखी माणसं थांबायची, कारण त्या जनावरांना रवाल चाल असायची. रवाल म्हणजे असं चालणं की घोडा पळतो आणि स्वार हलत नाही.

आता गंमत ऐका. अर्जुनराव एकदा घोड्यावरून पडले आणि त्यांचा पाय कायमचा गेला. त्यानंतरच्या पंधरा वर्षांतल्या एकाही घोड्याला त्यांनी चाल लावलेली नव्हती. ती लावली धुरपतानं. पहाटे, माळावर, लुगड्याचा काचा मारून, कोणी बघायच्या आत. नाव अर्जुनरावांचं. तिला त्याचं काही वाटत नव्हतं, नवरा जिवंत होता तोवर.

तो गेला आणि तिचा बाजार बंद झाला. जनावरांच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. विकणारा आणि घेणारा हातात हात घेतात, वर रुमाल टाकतात, आणि रुमालाखाली बोटं दाबून सौदा होतो. भोवती शंभर माणसं असली तरी आकडा दोघांनाच कळतो. परक्या पुरुषाच्या हातात हात देऊन बाई तिथं बोटं कशी दाबणार? तिनं हात पुढं केला असता तरी कोणी धरला नसता. म्हणून तिच्या वतीनं दीर बसायचा. वैजनाथ माणूस वाईट नव्हता, पण घोड्यातलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. दलाल सांगतील ते ऐकून यायचा. दलाल सांगायचे, "अर्जुनराव गेले, चाल गेली. आता नुसती गाढवं उरलीत."

इकडं माळ आता माळ राहिला नव्हता. दोन्ही बाजूंनी पोरींची हॉस्टेलं उठली होती. वैजनाथला दावणीच्या जागी तीन मजले दिसायला लागले, आणि लातुरात कोणालाही तेच दिसलं असतं. शेवटी त्यानं वहिनीला सांगितलं, "यंदा तीन घोडी विकायला तयार हायेत. माळेगावात तुमच्या हातानं, चांगल्या भावात विकून दाखवा. जमलं तर मी पुन्यांदा हॉस्टेलचं नाव काढणार न्हाई. न्हाई जमलं तर दावण मोकळी करायची. चारी घोड्याही देऊन टाकायच्या."

"दीड म्हैना राहिलाय," मावशी म्हणाली. "सांग, व्हतंय का?"

व्हतंय की, मी म्हटलं. त्यात काय एवढं?

दुसऱ्या दिवशी कॅमेरा घेऊन गेलो. विकायची तीन जनावरं होती: पारवा, बदाम आणि जांभळी. मी त्यांना ओळीनं उभं केलं आणि फोटो काढले. मग दुकानात बसून जे आयुष्यभर केलं तेच केलं. तिघांच्या गळ्यात कॉम्प्युटरवर झेंडूचे हार घातले. नावाखाली उंची, वजन, वय असं टक्केवारीच्या चौकटीत बसवलं. वर अर्जुनरावांचा फोटो, त्यालाही हार. कातडी तुकतुकीत केली, आणि कपाळावर, मानेवर केसांची जी वेडीवाकडी वर्तुळं होती ती सफाईनं पुसून टाकली. फोड काढायचा हात होताच.

आठ दिवसांत सतरा फोन आले. चौदा जणांना हॉस्टेलची फी विचारायची होती, कारण खालचं 'प्रवेश सुरू' काढायचं मी विसरलो होतो. एकानं विचारलं, जांभळीला बारावीला किती होते. उरलेल्या दोघांनी नुसत्या शिव्या दिल्या. त्यातला एक सातारकडचा, घोडदळातला निवृत्त रिसालदार होता. मला म्हणाला, "ज्या घोड्याला भोवरा नाही तो घोडा देवानं अजून जन्माला घातलेला नाही. फसवायचं तर नीट फसवा!" आणि फोन ठेवला.

मी मावशीला जाऊन विचारलं, भोवरा म्हणजे काय. तिनं वेबसाइट दाखव म्हटलं. लॅपटॉपवर बदामचा फोटो बघितला, आणि तिचा चेहरा असा झाला की मी दोन पावलं मागं सरलो.

"लेकरा," ती म्हणाली, "तू माझ्या घोड्याचं कपाळ पुसलंस."

माझी मान खाली गेली. भोवरा म्हणजे घोड्याची ओळख, त्याचं नशीब, माणसाच्या अंगठ्याच्या ठशासारखा दुसऱ्याला नसलेला. घेणारा आधी तो बघतो, मग घोडा बघतो. मी नेमकं तेच खरडून टाकलं होतं, आणि तेही अशा बाईच्या दारात जिचं स्वतःचं कपाळ तीन वर्षांपूर्वी पुसलं गेलं होतं. मला इतकी लाज मास्तरांचा मार खाऊनही कधी वाटली नव्हती.

"मावशी, फी नको. पुन्हा करतो. आता तुम्ही सांगाल तसं."

ती सांगत गेली आणि मी करत गेलो. हार गेले. टक्के गेले. प्रत्येक भोवऱ्याचा जवळून फोटो. दात, चारी खूर, पुढून, मागून, उन्हात, घाम आलेला असताना. खोडीसुद्धा लिहायला लावल्या: 'पारवा ट्रॅक्टरला बुजतो. जांभळी अनोळखी माणसाला पहिले दोन दिवस चावते.' मी म्हटलं, मावशी, असं कोणी लिहितं का? "सून आणतानी लपिवलं तर चार दिसांनी कळतंच की," ती म्हणाली. "मंग माघारी कोण घेणार?"

मग तिनं घोडी घासायचा खरारा खाली ठेवला. "आन् भाव लिव. उघडा. हितंच."

बाजारात जे कधी झालं नाही ते ती सहज बोलून गेली. जो हात रुमालाखाली घालायची तिला मुभा नव्हती, त्या हाताची गरजच तिनं काढून टाकली होती. मी बक्कळ शिकलेल्या सरांच्या वेबसाइटी बनवल्या, पण एवढं डोकं एकाचंही चाललेलं बघितलं नाही.

राहता राहिली चाल. चाल फोटोत दिसत नाही. मी म्हटलं, कोणाला तरी घोड्यावर बसवू, व्हिडिओ काढू. मावशी उठली, काचा मारला, काठोकाठ भरलेला दुधाचा पेला हातात घेतला आणि बदामवर चढली. माळाला एक पूर्ण वळसा. घोडा भरधाव, धूळ मागं, आणि हातातला पेला जणू ओट्यावर ठेवलेला. शेजारच्या हॉस्टेलच्या गॅलरीत पुस्तकं घेऊन बसलेल्या पोरी उठून टाळ्या वाजवायला लागल्या. मीही कॅमेरा सोडून वाजवल्या असत्या, हात मोकळे असते तर.

व्हिडिओखाली मी लिहिलं: 'चाल लावणारी: धुरपता.' तिनं ते दोनदा वाचून घेतलं. चार दिवसांत फोन सुरू झाले. सोलापूर, कोल्हापूर, पार विदर्भातून. मावशी एकेकाशी तासतासभर बोलायची. सातारच्या रिसालदारांचाही आला; आवाज नरम होता, पण माणूस हट्टी. "कॉम्प्युटरवर पेला काय, समुद्र पण सांडत नाही. माळेगावात बघतो."

यात्रेला टेंपोतून गेलो. मी वेबसाइटचं पानच फ्लेक्सवर छापून तंबूच्या तोंडाशी लावलं होतं, भोवरे, खोडी, भाव, सगळ्यासकट. पहिल्याच सकाळी उदगीरकडचे बडे दलाल सिद्रामप्पा आले. फ्लेक्सकडं पाठ केली आणि सवयीनं वैजनाथपुढं हात केला, वर रुमाल टाकला. वैजनाथचा हातही सवयीनं पुढं गेला. मावशी घोड्यांमधून आली, रुमाल उचलला, घडी घातली आणि सिद्रामप्पांच्या खांद्यावर ठेवला.

"भाव वर लिवलाय, मालक. वाचा."

"बाई, लिवलेल्या भावानं साबण भेटतो. घोडा न्हाई."

ते गेले, आणि दोन दिवस आमच्या तंबूकडं चिटपाखरू फिरकलं नाही. आमच्याकडं जायचं नाही, असं दलालांनी बाजारभर सांगून ठेवलं होतं. यळकोट यळकोट म्हणत पालख्या जात होत्या, भंडारा उधळत होता, आणि आमची तिन्ही घोडी कान पाडून उभी. वैजनाथ परतीच्या टेंपोचं विचारून आला. मावशी मात्र रोजच्यासारखा खरारा करत होती. फक्त जेवत नव्हती.

तिसऱ्या दिवशी सकाळी जीप येऊन थांबली, मागं आणखी दोन गाड्या. मिशाळ रिसालदार उतरले, हातात माझ्या वेबसाइटचे छापलेले कागद. बदामच्या कपाळावर बोट ठेवून कागदाशी ताडून बघितलं, मग मान, मग छाती, मग खूर. "कागद खरा आहे," ते म्हणाले. "आता चाल." आणि समोरच्या हॉटेलातून चहाची कपबशी मागवून कप स्वतःच्या हातानं काठोकाठ भरला.

मावशीनं कपबशी घेतली. बाजाराच्या मधल्या वाटेनं बदाम निघाला, दोन्हीकडं माणसं बाजूला होत गेली. कोणी तरी ओरडलं, "अरे, बाई हाय ती!" सिद्रामप्पांच्या तंबूवरून, उसाच्या गाड्यांमधून, पार टोकाला वळून ती तशीच परत आली. रिसालदारांपुढं घोडा उभा केला आणि वरूनच कपबशी खाली दिली.

"घ्या. गार व्हईल."

बशी कोरडी होती. रिसालदारांनी सगळ्यांदेखत तो चहा पिऊन टाकला, तोंड पुसलं, आणि लिहिलेला भाव मोजला. एक पैसा कमी केला नाही. मी बावळटासारखा रडत होतो आणि मला त्याची काही पर्वा नव्हती. दुपारपर्यंत कोल्हापूरकरांनी पारवा नेला. जांभळीसाठी दोघं आले. पहिला तिला हात लावायला गेला आणि चावा खाऊन परतला. दुसऱ्यानं खोडी वाचली होती. तो लांब बसून राहिला आणि संध्याकाळी घेऊन गेला.

निघायच्या दिवशी आम्ही तंबू सोडत होतो. सिद्रामप्पा आले. तिकडं घरी पाखरीच्या पणतीला नुकतंच शिंगरू झालंय, हे त्यांच्या कानावर गेलं होतं. त्यांनी खांद्यावरचा रुमाल काढला आणि वैजनाथपुढं हात केला.

वैजनाथनं दोन्ही हात मागं बांधले.

"मला काय इचारता? मालकीण थितं बसलीय."

सिद्रामप्पांनी रुमाल खिशात कोंबला, चार पावलं चालत मावशीसमोर गेले, आणि चाळीस वर्षं बोटांनी बोलणाऱ्या त्या माणसानं भर बाजारात, सगळ्यांना ऐकू जाईल असं तोंडानं विचारलं, "बाई, शिंगरू केवढ्याला देणार?"