डबीवरचा हात

कुंभारी गावच्या चंद्रव्वाला कोर्टाच्या पायऱ्या चढवेनात. तिसऱ्या पायरीवरच श्वास अडकला. मागून नवरा, गुरप्पा, म्हणाला, "बस की जरा. तारीख पळून जात न्हाय."

"तारीख न्हाय पळत. मी पळंन."

गुरप्पाला हसू आलं नाही. आठ दिवसांपासून तिला खोकला लागला होता, आणि खोकला आला तर काय समजायचं ते पुण्याच्या डॉक्टरांनी दोघांना आधीच सांगून ठेवलं होतं. दिवस मंगळवार, १३ जुलै १९७६. आज तिची जबानी होती.

गोष्ट सुरू झाली ती अडीच वर्षांपूर्वी, चौऱ्याहत्तरच्या फेब्रुवारीत. चंद्रव्वा घरी बसून अक्कलकोट रोडच्या कारखान्यातल्या चादरींच्या कडेच्या दशा वळायची. बोटं फार जाणती. आंघोळ करताना डाव्या स्तनात हरभऱ्याएवढं काहीतरी त्या बोटांना लागलं. दुखत नव्हतं. तिनं सासूला, दानम्माला, सांगितलं. "दुखत न्हाय तर कशाला मिरवायचं?" म्हणून सासू कामाला लागली. तरीही सोमवारी चंद्रव्वा एकटी नव्या पेठेतल्या डॉक्टरांकडे गेली.

लिंगायताच्या घरातली बाई. गळ्यात शिवदोरा, आणि त्यात लिंगाची चांदीची डबी. ती अंगावेगळी करायची नाही, परक्याचा हात तिला लागू द्यायचा नाही, हे लहानपणापासून अंगात मुरलेलं. डबी टेकायची ती नेमकी डाव्या बाजूला. डॉक्टर पुढे झाले तशी तिची मूठ आपोआप डबीवर गेली.

"हात काढा, बाई."

तिनं काढला नाही. डॉक्टर वैतागले. पदरावरूनच चाचपल्यासारखं केलं आणि म्हणाले, "डबी घासून झालंय हे. दोरा लांब करा. मलम देतो."

चंद्रव्वा हलक्या मनानं घरी आली. दोरा वीतभर लांब केला, डबी पोटाशी आली. हरभऱ्याएवढं होतं ते मात्र जांभळाएवढं झालं. ११ सप्टेंबरला ती पुन्हा गेली. या वेळी डबी वाटेत नव्हती. डॉक्टरांनी कागदावरून मान वर केली नाही. "तेच मलम चालू ठेवा."

पुण्याला नेलं तेव्हा जानेवारी उजाडला होता. तिथे कॅन्सर निघाला, स्तन काढला; पुढे खोकला लागला तर तो फुफ्फुसात गेला समजा, असंही सांगितलं. "सहा महिने आधी आणायचं होतं," ते डॉक्टर म्हणाले, आणि त्या एका वाक्यावर गुरप्पानं नव्या पेठेतल्या डॉक्टरांवर दावा लावला.

भरपाईचं गुरप्पा बघत होता. चंद्रव्वाला खुपत होतं ते वेगळंच. दानम्मा येईल त्याला सांगत होती, "लपवलं हिनं. वेळेत तोंड उघडलं असतं तर?" दोन मुली ते रोज ऐकत होत्या. मोठीनं तर एकदा विचारलंच, "आव्वा, का गं लपवलंस?" आपण वेळेत गेलो होतो, एवढं कोर्टाच्या कागदावर यावं, आणि आपण बोलू शकतोय तोवर यावं, म्हणून ती पायऱ्या चढत होती.

डॉक्टरांचं म्हणणं लेखी आलं होतं. बाईनं तपासू दिलं नाही, आणि नंतर ती आलीच नाही.

व्हरांड्यात तिचे वकील मडिवाळप्पा खाली वाकून म्हणाले, "'हात काढा' म्हणाले होते का, असं विचारतील. आठवत नाही म्हणा. विसरणं काही खोटं नव्हे."

तिनं मान डोलावली.

डॉक्टरांच्या वकिलांनी तोच प्रश्न पहिला विचारला. चंद्रव्वाच्या मनात आलं: पहिली भेट विसरले म्हणायचं आणि दुसरी लख्ख आठवते म्हणायचं, तर कोण विश्वास ठेवणार?

"व्हय," ती म्हणाली. "म्हणाले. मी काढला न्हाय."

मडिवाळप्पांनी डोळे मिटले. समोरचे वकील समाधानानं खाली बसू लागले.

"साहेब, अजून हाय."

"विचारलं तेवढंच सांगा!" वकील पुन्हा उभे राहिले.

"बोलू द्या त्यांना," न्यायाधीश म्हणाले.

"दुसऱ्यांदा गेले तवा डबी हितं, पोटापाशी. दोन्ही हात मांडीवर. तवा कुणी हात काढा म्हणलं न्हाय. बघतील म्हणून लई येळ बसून राहिले."

टाइपरायटरचा खडखडाट थांबला तेव्हा वकिलांनी विचारलं, "दुसऱ्यांदा गेलात याला पुरावा काय?"

"मी हाय की."

मग खोकल्याची उबळ आली. पदर तोंडाला लावून ती वाकली. उबळ ओसरल्यावर पदराचा तो भाग तिनं आत दुमडून घेतला. तो गुरप्पाला दिसला नाही.

जबानी वाचून दाखवली. दोन्ही भेटी आल्या होत्या. तिनं अंगठा दिला. डॉक्टरांच्या जबानीला तारीख पडली ३० नोव्हेंबर.

बाहेर आल्यावर गुरप्पा तडकला. "पहिलं कशाला बोललीस? दावा घालवलास न्हवं!"

चंद्रव्वानं त्याच्याकडे पाहिलं नाही. "वकीलसाहेब, हे आता बदलत न्हाय न्हवं? मी नसले तरी?"

"नाही बदलत."

"मग पोरींना समदं वाचून दावा. पहिलं सुदिक. त्यांच्या बी गळ्यात डबी हाय."

मडिवाळप्पांनी नोव्हेंबरची तारीख वहीत टिपली. त्या दिवशी येणार का, हे त्यांनी तिला विचारलं नाही.