रघूदादाच्या चार तारा

एकोणीस एप्रिलला रघूदादाने बेस गिटारच्या चार नव्या तारा मागवल्या. किंमत बावीसशे रुपये. पाकीट उघडलं तेव्हा महाडच्या त्याच्या खोलीत आम्ही तिघे होतो : तो, वहिनी आणि मी. आमच्या ऑर्केस्ट्रात तो बेस वाजवी, मी कीबोर्ड.

नव्या तारा तो क्वचितच घेई. जुन्यांचा आवाज बसला की त्या काढून उकळत्या पाण्यात टाकायचा. मळ सुटला की आवाज पुन्हा मोकळा होई. "तारा शिजल्या काय? मग भात लावते," वहिनी म्हणत. या वेळी मात्र दोष तारांचा नव्हता. संधिवाताने डाव्या हाताची बोटं आखडली होती. तार गिटारच्या दांडीवरच्या पडद्यावर, त्या आडव्या धातूच्या पट्टीवर, दाबली जाईना. पोलादपूरकडची वाडी सोडून मुंबईला गेला तेव्हापासून, पुढे महाडला येऊन राहिला तरी, त्याला हे एकच काम येत होतं.

मी पाकिटावरचे आकडे वाचले. जुनी सर्वांत जाड तार इंचाचे एकशे पाच हजारांश, नवी पंच्याण्णव.

"दहाचाच फरक आहे," मी म्हणालो.

"दहा तुला, भाऊ. माझ्या बोटाला इचार."

फरक पडला, पण पुरेसा नाही. त्याने तारा पडद्यांच्या आणखी जवळ आणल्या, तर त्या पडद्यांना लागून झणझणू लागल्या. पुन्हा वर घेतल्या, तर बोटं हरली. आम्हाला वाजवायचं होतं ते नाते गावातलं लग्न आठवड्यावर आलं होतं.

"या वेळेपुरतं दुसऱ्या कुणाला बोलवू का?"

"बोलव. आन् मला कशेडीच्या घाटात सोडून ये."

वहिनी उठून आत गेल्या.

लग्नात गायिकेने पट्टी सांगितली, काळी चार. बेसवर ती म्हणजे जाड तार, चौथा पडदा. त्याचा हात न बघता तिथे गेला आणि पहिल्याच सुराला गायिका थांबली. बेस अर्धा सूर खाली बोलत होता. ताण कमी व्हावा म्हणून त्याने घरीच चारही तारा तेवढ्या उतरवल्या होत्या, कुणाला न सांगता. आता प्रत्येक सूर एक पडदा पुढे सरकला होता, आणि हात तीस वर्षांच्या जागा सोडायला तयार नव्हता.

"ओ काका, जेवला नाय काय?" मांडवातून कुणी ओरडलं. लोक हसले.

तारा पुन्हा चढवल्या. दोन गाण्यांतच बोटं वळेनाशी झाली. तिसऱ्याच्या आधी तो माझ्या कानाशी आला.

"भाऊ, माझी वायर काढ. खालचे सूर तू डाव्या हातानं घे. मी नुसता उभा राहतो. मला इथनं उतरवू नको."

मी वायर काढली. पुढची सगळी गाणी तो मुक्या तारांवर बोटं ठेवून, ठेक्यावर मान हलवत उभा होता.

निघताना एक म्हातारे गृहस्थ त्याला म्हणाले, "मागनं चांगला जमला हां तुमचा बेस."

"जमला ना?" रघूदादा म्हणाला, आणि तोंड फिरवून गिटार पुसत बसला.

मानधन प्रत्येकी दीड हजार मिळालं. त्याने आपलं माझ्या खिशात कोंबलं. "डावा हात तुझा व्हता." परत घेईना. त्याला घरी सोडायला गेलो, तर तो तडक आत निघून गेला.

"वाजवलं ना ह्यांनी?" वहिनींनी दारातच विचारलं.

"हो," मी म्हणालो, आणि त्याचे दीड हजार त्यांच्या हातात दिले.