थेंबमास्तरांचा डावा कान

रात्रभर कोसळून पाऊस पहाटे थांबला होता, पण आभाळ अजून फुगूनच बसलं होतं. शेडच्या पत्र्यावरून पाणी निथळत होतं. थेंबमास्तर खराट्याने दारातलं डबकं गटाराकडे लोटत होते, मास्तरीणबाई गाड्यांची ओली पायपुसणी दोरीवर टाकत होत्या. एवढ्यात कोपऱ्यावरून एक जुनी निळी गाडी वळली आणि मास्तरांचा खराटा जागच्या जागी थांबला.

ही गाडी आठच दिवसांपूर्वी इथून गेली होती. "आता बादली उलटी केलीत तरी थेंब येणार नाही," असं मास्तरांनी स्वतः छातीठोकपणे सांगितलं होतं.

मास्तर मूळचे सीटकव्हर शिवणारे. गाडीच्या छताचं कापड डागाळलं की लोक यायचे, मास्तर नवं ताणून द्यायचे, आणि पुढच्या पावसात तीच गाडी तोच डाग घेऊन हजर. एकदा चिडून त्यांनी कापडाच्या वर डोकं घातलं, ते बावीस वर्षं झाली, बाहेर काढलंच नाही. सनरूफची, म्हणजे टपातली सरकती काच पाणी अडवायला नसतेच मुळी, हे त्यांना तिथे कळलं. काचेच्या कडेने पाणी आत येणारच. त्याच्यासाठी खाली चौकटभर पन्हळ असते, पन्हळीच्या चार कोपऱ्यांत चार भोकं, आणि तिथून गाडीच्या खांबांच्या पोटातून चाकांपाशी उतरणाऱ्या चार नळ्या. पालापाचोळा अडकून नळी तुंबली, की पाणी माणसांच्या डोक्यावर. बाकीचे कारागीर काचेभोवती सिलिकॉन थापून मोकळे व्हायचे. मास्तर त्यांना विचारायचे, "नाक वाहतंय म्हणून नाक शिवून टाकाल काय?"

गळती शोधायची त्यांची रीतही जगावेगळी. मास्तर गाडीत मागे बसणार, काचा वर, डोळे मिटलेले. मास्तरीणबाई बाहेर स्टुलावर उभ्या राहून झारीने टपावर पाणी सोडणार. आतून एकदा टकटक झाली की ओत, दोनदा झाली की थांब. मग मास्तर एक बोट वर करायचे आणि कोपरा सांगायचे. कापड न फाडता, खिळा न काढता, नुसत्या कानावर. कधी चुकले नव्हते.

पण गेल्या थंडीपासून त्यांच्या डाव्या कानात कुणी कापूस कोंबल्यासारखं झालं होतं. हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. कान गेला तर उरलं काय? नावातला थेंब गळाला की नुसता मास्तर, आणि तोही शाळा नसलेला!

गाडीतून नर्सबाई उतरल्या. निवृत्त होऊन पाच वर्षं झाली तरी त्यांची चाल अजून वॉर्डातलीच होती. मागच्या सीटवर त्यांचे यजमान आडवे पाय करून, डाव्या दाराला पाठ टेकून बसले होते. त्यांचा उजवा गुडघा वाकत नसे. सगळी उमर त्यांनी उंच क्रेनच्या काचेच्या खोक्यात काढली होती. आता फिरायला जायचं ते या गाडीतून, डोक्यावरची काच उघडी टाकून.

"मास्तर, काम एकदम नेमकं झालंय हो," क्रेनवाले आतूनच म्हणाले. "पूर्वी कुठेही पडायचं. आता बरोब्बर टकलाच्या मधोमध!"

"तुम्ही गप्प बसा," नर्सबाई त्यांच्यावर डाफरल्या आणि मास्तरांकडे वळल्या. "आमचा मुलगा म्हणतो, काच कायमची चिकटवून टाका, नाहीतर गाडी विका. मी त्याला सांगितलंय, एकदा मास्तरांना विचारते. ह्यांना बंद पत्र्याखाली बसवून मला नाही फिरवायचं."

मास्तरांनी खराटा भिंतीला टेकवला. "बघतो," एवढंच म्हणाले.

क्रेनवाल्यांना खुर्चीत बसवलं, पाय स्टुलावर टेकवून दिला. मास्तर गाडीत शिरले, क्रेनवाल्यांच्याच जागी बसले, डोळे मिटले आणि टपावर एकदा टकटक केली.

पाणी सुरू झालं. तो आवाज त्यांना दूर कुणाच्यातरी घरी पडत असल्यासारखा आला. त्यांनी मान फिरवली, उजवा कान लावला, श्वास धरला. थेंब काही सापडेना. एक झारी संपली, दुसरी सुरू झाली. घाम मानेवरून कॉलरीत उतरतोय असं त्यांना वाटलं.

आणि दोन टकटक न करताच पाणी थांबलं. बावीस वर्षांत असं घडलं नव्हतं. मास्तरांनी डोळे उघडून वर पाहिलं. काचेतून बायकोचं ओणवं झालेलं तोंड त्यांच्याकडे बघत होतं.

ती खाली उतरली, दार उघडून शेजारी येऊन बसली आणि दार लावून घेतलं.

"अहो, पडतंय."

"कुठे?"

तिने त्यांच्या डाव्या कानामागे हात नेला. कॉलर, खांदा, सगळं चिंब झालं होतं. "मला वर स्टुलावर ऐकू येत होतं."

मास्तर सीटच्या शिवणीकडे बघत म्हणाले, "तुला कधीपासून माहीत?"

"न्हाणीतला नळ दोन महिने गळतोय. पलीकडच्या गल्लीतला नळ गळला तरी तुमची झोप उडायची. मी म्हटलं, आज बोलतील, उद्या बोलतील. मुद्दाम दुरुस्त नाही केला. तुम्ही आपले घोरताय."

"सांगायचं ना मग."

"तुम्ही सांगायचं!" ती ताडकन म्हणाली, आणि मग पदराने त्यांची कॉलर टिपायला लागली. "उतरा आता. झारी घ्या. मी बसते."

"तुला काय जमणार?"

"बावीस वर्षं पाणी काय झोपेत ओततेय?"

मास्तर स्टुलावर चढले. आतून टकटक झाली. त्यांनी झारी कलती केली, तसा आतून आवाज आला तो उजव्या कानालाही पुरून उरला, "भसाभसा नको! अंगणातली झाडं नाहीत ही!"

क्रेनवाले खुर्चीत खदखदून हसले. "मास्तर, खाली उभा राहून हुकूम सोडणाऱ्याचंच ऐकावं लागतं. आयुष्यभर मी तेच केलं."

मास्तरांनी हात हलका केला. पाणी काचेच्या कडेने फिरून आत शिरताना ते पहिल्यांदाच बघत होते. दोन टकटक झाली. खिडकीआड मास्तरीणबाईंनी अगदी त्यांच्यासारखंच एक बोट वर केलं.

"डावा मागचा. पण थेंब थेंब नाही हो, वरच्या वर सांडल्यासारखं वाजतंय. नळीत उतरतच नाही."

मास्तर चमकले. त्यांनी कोपऱ्यावरच्या पट्टीच्या क्लिपा काढल्या, छताचं कापड वीतभर खाली घेतलं आणि बॅटरी लावली. नळी पन्हळीच्या तोंडावरून निसटून बाजूला लोंबत होती.

क्षणात सगळं लक्षात आलं. आठ दिवसांपूर्वी तुंबलेल्या नळीत तार शिरेना, म्हणून त्यांनी घाईने कॉम्प्रेसरची हवा मारली होती. घाण निघाली, पण नळीही सुटली. सुटताना फट् असा आवाज होतो. तो झालाच असणार. त्यांच्यापर्यंत पोचला नव्हता.

ते तसेच उठून खुर्चीपाशी उभ्या नर्सबाईंकडे गेले. "बाई, गाडी मीच बिघडवली. माझा डावा कान गेलाय, आणि मी ते लपवलं."

नर्सबाईंनी उत्तर देण्याआधी त्यांच्या हातातली बॅटरी घेतली, हनुवटी धरून मान वळवली आणि कानात डोकावून पाहिलं. "गेलाय की तुंबलाय, हे तपासल्याशिवाय कळायचं नाही. उद्या दहाला कानाच्या डॉक्टरकडे या. मी दारात उभी असेन, पळून जायचं नाही." मग बॅटरी परत देत म्हणाल्या, "नळीचं मात्र आजच बघा."

मास्तरांनी नळी परत चढवली, वर कडी आवळली, कापड जागेवर ताणलं. पुन्हा ते स्टुलावर, मास्तरीणबाई आत. दोन झाऱ्या झाल्या, तीन झाल्या. आतून काहीच आलं नाही. मागच्या डाव्या चाकामागून मात्र करंगळीएवढी स्वच्छ धार जमिनीवर पडायला लागली. मास्तरीणबाईंनी दार उघडलं आणि कोरडा तळहात दाखवला. मास्तरांचा जीव भांड्यात पडला.

क्रेनवाल्यांना पुन्हा मागे बसवलं. बसल्या बसल्या त्यांनी वर बोट केलं. "उघड गं जरा. पाऊस नाहीये आत्ता." काच सरकली. ते मान मागे टाकून ढगांकडे बघत राहिले, आणि गाडी कोपऱ्यावरून वळेपर्यंत त्यांचा एक हात टपाबाहेर हलत होता.

"उद्यापासून मी आत बसणार," मास्तरीणबाई झारी पालथी घालत म्हणाल्या. "माझी कंबर धरते स्टुलावर."

"बरं," मास्तर म्हणाले. "आणि लोकांनी विचारलं तर?"

"तर सांगू. त्यात काय चोरी आहे?"

मास्तर शेडच्या मागच्या खोल्यांत गेले. न्हाणीत उकिडवे बसून त्यांनी नळाखाली तळहात धरला. एक थेंब पडला, गार, बरोब्बर मधोमध. मग ते उठले आणि खिळ्यांच्या डब्यात अर्ध्या इंचाचा वायसर शोधायला लागले.